शेवटचं बराबर कधी चाललं होतं?

“शेवटचं बराबर कधी चाललं होतं?”

बंद पडलेला कॉम्प्युटर घेऊन कुणीही त्याच्यासमोर गेलं की तो आधी हे विचारायचा. यंत्राकडे बघायचासुद्धा नाही. चष्मा कपाळावर चढवायचा, तळहात उताणा करून पुढे धरायचा आणि उत्तराची वाट बघत बसायचा. “मागच्या आठवड्यात चालू होता की,” असं मोघम कुणी बोललं तर मान हलवायचा. “मागच्या आठवड्यात म्हंजे बाजाराच्या आदी का बाजाराच्या नंतर?”

कळमनुरीच्या आमच्या कॉलेजात मी हेडक्लार्क होतो आणि तो कॉम्प्युटर लॅबचा असिस्टंट. मला सगळे बडेबाबू म्हणत, मी त्याला भाऊ म्हणायचो. त्याचं नाव इथे लिहीत नाही. ते एका ठिकाणी लिहिलेलं आहे आणि माझ्या या कागदापेक्षा ती जागा जास्त टिकेल. ते पुढे येईलच.

माझं म्हणाल तर मी तारखांचा माणूस. कुठलं पत्र कधी आलं, कुणाची रजा कधी मंजूर झाली, हे आवक-जावक रजिस्टर न उघडता सांगायचो. त्याचा मला गर्व होता, खोटं कशाला बोलू? म्हणून तर आमचं जमलं. त्याच्या प्रश्नाला वार-तारखेसकट उत्तर देणारा अख्ख्या कॉलेजात मी एकटा. “बडेबाबू, गिऱ्हाईक असावं तं तुमच्यासारखं,” असं तो म्हणायचा.

तो प्रश्न यंत्रापुरता राहिला नव्हता. एकदा प्राचार्य स्टाफरूममध्ये गुडघा धरून कण्हत होते. हा नेमका तिथे वायर ओढत होता. “शेवटचा बराबर कधी चालला होता, सर?” प्राचार्यांनी खरोखर विचार केला आणि म्हणाले, “लग्नाच्या आदी.” त्या दिवशी चहा सगळ्यांच्या नाकात गेला. हा मात्र हसला नाही. “तेवढं मागं न्हाई जाता येत सर, मधलं काही तरी सांगा,” म्हणाला.

त्याची काम करायची रीत तुम्हाला सांगायलाच हवी, कारण पुढचं सगळं तिच्यावर आहे. एकदा बोअरचं पाणी टाकीत चढेना. लांबलचक पाइप, जमिनीत पुरलेला. प्लंबर बोअरपासून खोदत निघाला. भाऊ लॅबमधून बाहेर आला. “काहून सगळं खोदून राहिले? अर्ध्यावर खोदा.” अर्ध्यावर खोदून पाइप सोडवला तर पाणी भसाभसा बाहेर. “म्हंजे इथवर बराबर हाय. आता राहिलेल्याचा अर्धा.” तिसऱ्या खड्ड्यात फुटका सांधा हाती लागला. प्लंबर आ वासून बघत राहिला.

लॅबमध्ये बारा यंत्रं होती, सगळी म्हातारी. ज्या विंडोजवर ती चालायची तिची मुदत संपली आणि नवी त्यांना झेपेना. ती भंगारात काढायचा ठराव मी टाइप करून ठेवला होता. त्यानं तो कागद माझ्या टेबलावरून उचलला, घडी घातली आणि खिशात ठेवला. “दम धरा ना, बडेबाबू.” पंधरा दिवसांत बाराही यंत्रांवर विंडोजच्या जागी लिनक्स चढलं आणि ती पोरांच्या हाताखाली गुरगुरायला लागली.

“हे लिनक्स कोणाचं?” मी विचारलं. क्लार्कला आधी मालक लागतो.

“कोणाचंच न्हाई. विहीर समजा. ज्याला तहान लागली त्यानं पाणी भरावं, ज्याला गाळ दिसला त्यानं काढावा. अन् कोणी कोणाला काठावर हटकत न्हाई, बडेबाबू.”

शेवटचं वाक्य तो हसत म्हणाला. त्याच्या आजोबांना आमच्या गावात कुठल्या विहिरीवर पाणी मिळत नव्हतं, हे मला ठाऊक होतं आणि मला ठाऊक आहे हे त्यालाही. मी लगेच परीक्षा फॉर्मचा विषय काढला. अवघड जागा आली की बाजूनं निघून जायची माझी जुनी खोड आहे. ती तुम्ही लक्षात ठेवा.

मग त्यानं प्रत्येक यंत्रावर गेम टाकले. प्राचार्य भडकले. “कॉलेज हाय का जत्रा?” तो शांतपणे म्हणाला, “सर, अर्ज टाइप करून कार्डाची परीक्षा होत न्हाई. शर्यत पळवली की होते.” पडद्यावर चित्र काढतं ते ग्राफिक्स कार्ड. काय काढायचं ते त्याला समजावतो तो ड्रायव्हर, म्हणजे मधला दुभाषी. आमची कार्डं इतकी जुनी की त्यांच्यासाठी ड्रायव्हर करणं खुद्द कंपनीनंच सोडलं होतं. जगात कुठे कुठे बसलेली माणसं फावल्या वेळात तो लिहीत आणि लिहिलेलं सगळ्यांसमोर उघडं ठेवत. “कंपनीनं टाकून देल्लं, लोकांनी न्हाई टाकलं,” हे सांगताना त्याचा आवाज जरा ओला व्हायचा.

त्याच्या आवडत्या गेममध्ये एक पेंग्विन गाडी पळवतो. एकदा ड्रायव्हरचं अपडेट आलं आणि पडद्याची डावी कड काळी पडायला लागली. झाड असो, भिंत असो, डावीकडे आली की काळ्यात गडप. त्यानं पाइपवालीच युक्ती लावली. जुना ड्रायव्हर बराबर, नवा खराब, मधे लोकांनी केलेले शेकडो बदल. मधला घ्यायचा, त्यावर शर्यत पळवायची. बराबर दिसलं तर दोष पुढे, खराब दिसलं तर मागे. असं अर्ध्या-अर्ध्यावर जात त्यानं नेमका एक बदल पकडला आणि त्या परदेशी मंडळींना कळवला. इंग्रजी मी तपासून दिलं, एवढाच माझा हातभार. आठवड्याभरात दुरुस्ती झाली आणि तिच्याखाली तपासणारे म्हणून दोन नावं आली. एक त्याचं, दुसरं वहिनींचं.

वहिनी म्हणजे त्याची बायको. शाळेचे गणवेश शिवायच्या. मूलबाळ नव्हतं. नांदेडच्या भंगारातून जमवलेल्या सामानाचं एक यंत्र त्यानं घरी केलं होतं आणि ती काळी कड आधी त्यांनाच दिसली होती. म्हणून नाव. भाऊनं सगळ्या स्टाफला बालुशाही वाटली. प्राचार्यांनी बालुशाही खात विचारलं, “याचं काही सर्टिफिकेट मिळतं का?” आणि वहिनींनी म्हणे घरी विचारलं, “आवं, रेशनकार्डावर माझं नाव अजून चुकीचं हाय, आन् तिथं बराबर हाय व्हय?”

मी त्यांच्या घरी एकदाच चहाला गेलो. शिलाई मशीन एका भिंतीला, कॉम्प्युटर दुसऱ्या. चहा टाकून वहिनी खुर्चीवर बसल्या, पदर खोचला आणि शर्यत लावली. भाऊ शेजारी उभा राहून सांगत होता, ब्रेक दाब, ब्रेक दाब. “तुमी सरका बरं बाजूला! तुमाला काय येतं?” तिसऱ्या फेरीला सगळ्यांना मागे टाकून त्या पहिल्या आल्या. माझ्याकडे वळून म्हणाल्या, “बडेबाबू, मी जल्मात गाडीवर पुढं बसले न्हाई. हितं पाहा कशी पळवते!” त्यांच्या तोंडावरचा तो आनंद अजून डोळ्यांसमोर आहे. भाऊ त्यांच्याकडे असा बघत होता की मी चहाच्या कपात बघायला लागलो.

आणखी एक गंमत सांगतो. तेव्हा ती गंमतच होती. भाऊ सकाळी डबा विसरला की वहिनी दुपारी घेऊन यायच्या. पंधरा ऑगस्टच्या दुसऱ्या दिवशी तशाच आल्या. झेंडावंदनाच्या चुन्याच्या रेघा अजून अंगणात होत्या. गेटचा डावा पल्ला लावलेला, उजवा उघडा. दिवसाढवळ्या बाई सरळ चालत आल्या आणि खांदा धाडकन डाव्या पल्ल्यावर! डबा पडला, वरण चुन्यावर सांडलं. मी ऑफिसच्या खिडकीतून ओरडलो, “वहिनी, गेट कॉलेजचं हाय, तुमच्या पेंग्विनचं न्हाई!” शिपाई पोट धरून हसला. मीही हसलो. वहिनी पण हसल्या, खांदा चोळत म्हणाल्या, “ध्यानच न्हवतं माझं.” भाऊला त्या दिवशी ऐन वेळी हिंगोलीला कामाला पाठवलं होतं, ते त्यांना ठाऊक नव्हतं. आल्यावर त्याला सांगू म्हटलं आणि राहून गेलं.

दिवाळी झाली. सुट्टीत त्यानं घरच्या यंत्राचं सगळं अपडेट केलं होतं. कॉलेज उघडल्यावर चार-पाच दिवसांनी तो माझ्या टेबलापाशी आला.

“बडेबाबू, पुन्ना डावी कड.”

“काळी पडली?”

“काळी न्हाई. ही म्हणते, डावीकडलं झाड दिसतच न्हाई, एकदम अंगावर येतं. जिंकणारी बाई रोज भिताडाला धडकून राहिली. मी बसलो की बराबर दिसतं.”

“मग?”

“मेकॅनिकपुढं बिघाड कधी येतो का? पेशंट डॉक्टरपुढं ठणठणीत असतो तसं.” आणि चष्मा वर सरकवून तो जरा खूश होऊनच म्हणाला, “पकडतो त्याला.”

हसू नका, पण मलाही उत्साह आला. मागच्या खेपेला डावीच कड होती. तेच कार्ड, अपडेट नुकतंच झालेलं. दुसरं काही असेल असं कुणाच्या मनात येणार? दिवाळीच्या आधीचा ड्रायव्हर बराबर धरला, नंतरचा खराब. मधे हजारभर बदल. त्या जुन्या यंत्रावर प्रत्येक वेळी ड्रायव्हर नव्यानं तयार करायला पूर्ण दिवस जायचा. तयार झाला की संध्याकाळी वहिनींनी शर्यत पळवायची आणि सांगायचं, ‘बरं’ का ‘खराब’. खात्रीसाठी तोच ड्रायव्हर दुसऱ्या संध्याकाळी पुन्हा तपासायचा. त्यानं दोनशे पानी वही केली. तारीख, ड्रायव्हरचा आकडा, आणि पुढे एकच शब्द.

रोज सकाळी मी विचारायचो, “काय निकाल?” तो वही उघडून दाखवायचा. खराब. खराब. बरं. खराब. बरं.

“एकाच ड्रायव्हरला असं उलटसुलट काहून येतं?” मी विचारलं.

“कार्ड तापलं की होत असंल. तिचं डोकं बी दुखून राहिलं. पडदा लुकलुकत असंल, आपल्याला दिसत न्हाई.” मग थोडं थांबून, “म्हटलं, डोळे दाखवू का? तं म्हणते, सुईत दोरा एका झटक्यात ओवते मी, डोळ्याला काय झालं?”

त्या परदेशी मंडळींनाही त्यानं कळवलं होतं. त्यांचं उत्तर आलं, पडद्याचा फोटो पाठवा. त्यानं वहिनींना खेळायला बसवलं आणि त्या “आता न्हाई दिसत” म्हणाल्या त्या क्षणी फोटो काढला. दुसऱ्या दिवशी मोबाइल माझ्यापुढे धरला. फोटोत झाड होतं. डावीकडे, हिरवंगार, पानं मोजावीत इतकं स्पष्ट.

“फोटोत येतंय, बडेबाबू. तिला दिसत न्हाई अन् फोटोत येतंय.”

आम्ही दोघं त्या झाडाकडे बघत बसलो. दोन शिकलेली माणसं! एक अख्खं जग शोधून दोष काढणारा आणि एक तारखा पाठ असणारा. मी काय बोललो माहीत आहे? “फोटो जरा उशिरा निघाला असंल.” तो म्हणाला, “व्हय, तसंच असंल.” आणि पुढचा ड्रायव्हर तयार करायला घेतला.

असे तेवीस दिवस गेले.

चोविसाव्या दिवशी दुपारी मी एक प्रिंट काढायला लॅबमध्ये गेलो. तो पडद्यासमोर बसला होता, हात मांडीवर. शोध संपला होता. अर्ध्याचा अर्धा करत तो शेवटच्या एका बदलापाशी पोचला होता. मी विचारलं, “सापडला?”

“हा बदल दुसऱ्याच कंपनीच्या कार्डाचा हाय. आपल्या यंत्रात ते कार्डच न्हाई.” त्याचा आवाज अगदी साधा होता. “याचा आपल्याशी संबंधच न्हाई, बडेबाबू. ड्रायव्हर बराबर हाय.”

“मग चूक कुठं झाली?”

त्यानं माझ्याकडे बघितलं. चष्मा डोळ्यांवरच होता. “काखेत कळसा,” एवढंच म्हणाला आणि पुढचं त्याच्या तोंडातच राहिलं. उठला आणि चालायला लागला. लॅबचं कुलूप न लावता तो माणूस आयुष्यात कधी बाहेर पडला नव्हता. त्या दिवशी कुलूप मी लावलं.

घरी जाऊन त्यानं वहिनींना खुर्चीत बसवलं. माझ्या नाकाकडं बघ म्हणाला. त्यांच्या डावीकडून बोट आणलं. कानापासून गालापर्यंत आलं, गालावरून नाकापर्यंत. “दिसतं का?” “न्हाई.” “आता?” “न्हाई वं.” बोट अगदी नाकासमोर आल्यावर म्हणाल्या, “हां, आता आलं.” हे त्यानंच मला नंतर सांगितलं. सांगताना त्याचं बोट हवेत तसंच सरकत होतं.

दुसऱ्या दिवशी पहिल्या एसटीनं नांदेड. मेंदूत उजव्या बाजूला गाठ निघाली. उजवीकडे गाठ असली की डावीकडचं दिसणं जातं, आणि जातंय हे माणसाला कळतही नाही म्हणे. समोरचं स्वच्छ दिसत राहतं. सुईत दोरा ओवता येतो. डॉक्टर म्हणाले, “जरा आधी आणायला पाहिजे होतं.” हे वाक्य ही मंडळी चहा सांगितल्यासारखं बोलून जातात. ज्याला ऐकावं लागतं त्याच्या घरात ते कायमचं राहायला येतं.

ऑपरेशन झालं. त्यानंतर मी भेटायला गेलो. वहिनींच्या डोक्याला पट्टी, चेहरा एवढासा. भाऊ औषधं आणायला खाली गेला होता. त्या हळू आवाजात म्हणाल्या, “बडेबाबू, एक सांगू? यांना बोलू नका. सकाळी ते कॉम्प्युटर लावून जायचे, अन् संध्याकाळी मी खराब म्हटलं की तोंड असं उतरायचं. मला पाहवंना. म्हणून मधी मधी, न्हाई दिसलं तरी, दिसलं म्हणायची.”

त्या वहीतली ती ‘बरं’, ‘बरं’. त्याचा शोध भरकटला तो तिथे. नवऱ्याच्या मायेपोटी ही बाई त्याला रोज थोडी चुकीची वाट दाखवत होती, आणि बायकोवरच्या विश्वासापोटी तो तिचा प्रत्येक शब्द वहीत उतरवत होता. सांगा, यात दोष कुणाच्या माथी मारणार?

मग त्या किंचित हसल्या. “अन् तुमच्या त्या गेटाला सांगा, माफ केलं म्हणावं मी त्याला.”

मी हसलो. आणि पटकन दाराकडे बघितलं, भाऊ आला तर नाही ना. तो आला नव्हता. मला बरं वाटलं. लपवत नाही, वाटलं ते बरंच वाटलं.

महाशिवरात्रीच्या आत वहिनी गेल्या.

महिन्याभरानं तो कामावर आला. वेळेवर यायचा, वेळेवर जायचा, बिघडलेलं नीट करून द्यायचा. पण तो प्रश्न विचारणं त्यानं बंद केलं. शिपाई मुद्दाम प्रिंटर घेऊन गेला आणि स्वतःच म्हणाला, “भाऊ, शेवटचं बराबर सोमवारी चाललं होतं.” त्यानं ऐकलं न ऐकल्यासारखं करून केबल बदलून दिली. बाराही यंत्रांवरचे गेम त्यानं काढून टाकले. प्राचार्य पहिल्यांदाच म्हणाले, “राहू द्यायचे होते हो.”

मग उन्हाळ्यात एका दुपारी तो माझ्या टेबलापाशी आला. हातात तीच वही. आता ती मागल्या बाजूनं सुरू केली होती. तळहात उताणा करून त्यानं पुढे धरला आणि मला कळायच्या आत तो प्रश्न आला.

“ती शेवटची बराबर कधी होती, बडेबाबू?”

मी हातातलं पेन खाली ठेवलं.

“दिवाळीला खराब होती, हे आता कळतं. ताटात डावीकडची चटणी तशीच राहायची. मी म्हणायचो, आवडत न्हाई का? म्हंजे त्याच्या मागं. अर्ध्यावर गेलो. सेनगावला मेहुणीला विचारलं. ती म्हणते, दसऱ्याला रांगोळी एकाच बाजूला काढली होती. म्हंजे अजून मागं. गणपतीत शिवलेल्या गणवेशाची एक बाही आखूड होती, दुकानदार म्हणतो. त्याच्या मागचं कोणाला सांगता येईना.” त्यानं श्वास घेतला. “शिपाई म्हणतो, ती एकदा गेटाला धडकली होती. कधी, ते त्याला याद न्हाई. म्हणतो, बडेबाबू होते तवा. तुमाला तारखा पाठ असतात.”

टेबलावर पंखा फिरत होता. पेपरवेटखाली कागद फडफडत होते. मला तो दिवस चुन्याच्या रेघांसकट आठवत होता.

“न्हाई आठवत, भाऊ,” मी म्हणालो.

त्याला आणखी यातना कशाला, असं मी तेव्हा मनाला समजावलं. साफ खोटं. मी हसलो होतो हे त्याला कळू नये, एवढंच माझं दुखणं होतं. मी ओरडलो ते शब्द, शिपायाचं हसणं, आणि संध्याकाळी त्याला सांगायचं राहून गेलं ते. सांगितलं असतं तर हा माणूस त्याच दिवशी घरी जाऊन बोट धरून बसला असता. मी त्याला ओळखत होतो.

तो माझ्याकडे बघत राहिला. मग म्हणाला, “असू द्या. होतं असं.” वहीत उभ्यानंच काहीतरी लिहिलं आणि गेला.

पावसाळ्यात त्यानं नोकरीचा राजीनामा दिला. कारण, घरगुती. तो अर्ज मीच आवक रजिस्टरला घेतला. निरोप समारंभ नको म्हणाला. कुणी म्हणे तो वाशीमकडे गेला, कुणी म्हणे पुण्याला. घराला कुलूप. शिलाई मशीन शेजारणीला देऊन गेला होता.

यंदा माझी निवृत्ती. चार्ज द्यायचा म्हणून सामानाच्या नोंदींचं डेडस्टॉक रजिस्टर घेऊन मी लॅबमध्ये एक-एक वस्तू मोजत होतो. नवीन आलेल्या मॅडम मदतीला होत्या. भाऊनं ड्रायव्हरवाल्यांना कळवलेलं ते सगळं इंटरनेटवर उघडंच असतं, हे मला माहीत होतं. मॅडमना शोधायला सांगितलं. सापडलं. खाली त्याचा शेवटचा मजकूर होता, या वेळी मी न तपासलेल्या इंग्रजीत. त्याचा अर्थ असा: ड्रायव्हरमध्ये दोष नाही. फोटो बरोबर होता. दोष तपासणाऱ्या बाईत होता, ती माझी पत्नी, ती वारली. तुमचा वेळ घेतला, माफ करा. ही तक्रार बंद करावी.

त्याखाली, बंद.

मग मी मॅडमना आधीची ती दुरुस्ती काढायला लावली, काळ्या कडेची. तपासणाऱ्यांची दोन्ही नावं जशीच्या तशी होती. जगात जिथे कुठे ते जुनं कार्ड अजून चालतं, तिथे त्या ड्रायव्हरसोबत ती दोघं आहेत. वहिनींचं नाव बराबर लिहिलेलं आहे. मी एक-एक अक्षर तपासलं.

वही कपाटातल्या सर्वांत खालच्या कप्प्यात मिळाली. मी मागून उघडली. दिवाळी, खराब. दसरा, खराब. गणपती, खराब. पोळा, कोणाला माहीत नाही. आणि सर्वांत खाली, उभ्यानं लिहिलेल्या घाईच्या अक्षरात: ‘गेट. बडेबाबू आठवत नाही म्हणाले.’

म्हणाले. ‘आठवत नाही’ एवढं लिहून भागलं असतं. माझी स्मरणशक्ती अख्ख्या कॉलेजात त्याच्याइतकी कुणाला ठाऊक नव्हती. त्याला तेव्हाच कळलं होतं, आणि तो “असू द्या” म्हणाला होता.

मी त्याचा नंबर लावला. हा क्रमांक अस्तित्वात नाही. पुन्हा लावला. मॅडम विचारत होत्या, “सर, वही कुठल्या नोंदीत घ्यायची?”

त्याच्याकडे तेवीस दिवस होते आणि त्यांच्या ओझ्याखाली तो गाव सोडून गेला. माझ्याकडे, त्या गेटाच्या दिवसापासून धरले तर, तीन महिने होते. मी खिशातलं पेन काढलं. त्याच्या ओळीपुढे लिहिलं, ‘पंधरा ऑगस्टच्या दुसऱ्या दिवशी, दुपारी. खराब.’ आणि सवयीनं खाली सही केली.